ज्यांच्याविषयी आपण बोलत नाही

मंचर, नारायणगाव ही आमची पुणे-नाशिक रस्त्यावरची गावे. एच.आय.व्ही. म्हटले की येथे ट्रकचालक आणि वेश्या आठवतात. पुरुषही देहविक्रय करतात हे कोणी उच्चारत नाही. म्हणूनच तो पुरुष तपासणीला जायला कचरतो. वास्तविक तपासणी मोफत आहे, २००४ पासून सरकारी औषधेही. (नियमित औषधाने विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की संभोगातून लागण होत नाही!)

सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून वेश्यांसोबत काम करू लागली. पुढे अशा पुरुषांची व तृतीयपंथीयांची 'मुस्कान' संघटना उभी राहिली. निरोध देणारा, दवाखान्यात सोबत येणारा आपल्यापैकीच असला, की डॉक्टरांना खरे सांगण्याचा धीर येतो. मला हे औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील कलम ३७७ चा धाकही दूर केला.

संकोच वाटणाऱ्यास १०९७ या मोफत दूरध्वनीवर नाव न सांगता विचारता येते.