कोळंबीच्या घराची जमीन

कोळंबी हा शब्द कानीं पडतांच आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु प्रस्तुत लेखाचा स्वयंपाकघराशीं कांहीं एक संबंध नाहीं. वऱ्हाडांत जिला झिंगा म्हणतात त्या कुळांतील, पण जेमतेम इंचभर लांबीची, गोड्या पाण्यांतील एक कोळंबी कांचेच्या पेटींत पाणवनस्पतींच्या सान्निध्यांत पाळतात. तिच्याविषयीं येथें लिहावयाचें आहे. लाल रंगाची ‘चेरी’ ही त्यांतील सर्वांत परिचित जात. तिचें मूळ चीन व तैवानकडील ओढ्यांत. परंतु जेथून समुद्र शेंकडों मैल दूर, अशा वाशीम जिल्ह्यांतील घरींहि ती सुखानें नांदूं शकते.

ही हौस करणारे लोक पेटी, दिवा व हवेचा पंप यांची चौकशी बारकाईनें करतात. तळाशीं काय पसरावें हा प्रश्न मात्र निव्वळ शोभेचा समजून शेवटीं टाकतात. वस्तुतः तळ ही त्या घरची जमीन होय. वनस्पतींचीं मुळें तिच्यांत रुजतात. विष्ठेपासून व कुजलेल्या पानांपासून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचें प्रथम नायट्राइटांत व मग त्यामानानें सौम्य अशा नायट्रेटांत रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु तिच्याच कणांवर वस्ती करतात. कोळंबी दिवसभर तीच जमीन चाचपून आपला चारा वेंचते. आणि कित्येक प्रकारची जमीन पाण्याचा गुणधर्महि पालटून टाकते. दिवा आवडला नाहीं तर बदलतां येतो. तळ बदलावयाचा म्हणजे सारा संसार मोडून पुन्हां मांडावा लागतो.

बाजारांत मिळणाऱ्या तळाचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पाण्याच्या गुणधर्मांत ढवळाढवळ न करणारी स्वच्छ वाळू व बारीक खडी हा पहिला, म्हणजे निष्क्रिय वर्ग. दुसरा सक्रिय मातीचा. जपानांतील निईगाता येथें ताकाशी अमानो या छायाचित्रकारानें १९८२ सालीं स्थापन केलेल्या संस्थेनें या मातीस जगभर प्रसिद्धि मिळवून दिली. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या काळ्या, आम्लधर्मी मातीचे हे भाजलेले कण असतात. ते पाण्यांतील चुनखडीचा अंश शोषून घेतात, पाणी मऊ व किंचित् आम्ल करतात, आणि मुळांस खाद्य पुरवितात.

हें वाचून कोणीहि वऱ्हाडी गृहस्थ सहजच म्हणेल, ‘काळी माती आणि तीहि ज्वालामुखीची! मग ती जपानहून कशाला? आमच्या शेतांत ती हवी तितकी पडली आहे.’ शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर समजून घेण्यासारखें आहे. आमचीहि काळी माती सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाच्या कातळापासूनच झाली. परंतु जपानी माती पावसानें धुपून आम्ल झालेली, तर आमची चुनखडीचे बारीक खडे पोटांत बाळगणारी, म्हणजे अल्कधर्मी. शिवाय तिची चिकणमाती ओलीनें फुगते व वाळली कीं भेगाळते. ती उघडी पसरली तर जरा धक्का लागतांच सारी पेटी गढूळ होईल.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. सोयाबीन, कापूस व तूर यांवर कीटकनाशकांचे फवारे मारले जातात. कोळंबी ही संधिपाद वर्गांतील, म्हणजे कीटकांची जवळची नातलग. जें औषध किडीस मारतें तें अत्यल्प प्रमाणांतहि कोळंबीचा घात करतें. मासा वांचेल अशा पाण्यांत कोळंबी तडफडून मरेल. म्हणून पिकाखालील शेताची माती कितीहि सुपीक असली तरी पेटींत घालूं नये.

तर मग निवड कशी करावी? तळापूर्वीं पाण्याचा विचार करावा. काळ्या कातळांतून झिरपून विहिरींत व बोअरमध्यें येणारें पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट बरोबर घेऊन येतें. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, तें हें जड पाणी. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास २०० मिलिग्रॅम कठिणता इष्ट, व दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत ग्राह्य, असें भारतीय मानक सांगतें. चेरी कोळंबीस १०० ते २०० मिलिग्रॅम कठिणता चांगली मानवते. वाढतांना ती वारंवार कात टाकते, आणि नवें कवच टणक होण्यास कॅल्शियम लागतेंच. जपानांत निपजविलेल्या लाल-पांढऱ्या ‘क्रिस्टल’ कोळंबीस मात्र ७० ते १०० मिलिग्रॅम पुरे, व पाणी किंचित् आम्ल हवें.

सक्रिय मातीची शोषणशक्ति मोजकी असते. जड पाणी ओतीत राहिल्यास ती थोड्याच महिन्यांत थकते, पाण्याचा गुणधर्म हळूहळू पालटतो, आणि त्या चढउतारानेंच कोळंबी दगावते. मऊ पाण्याची कायमची सोय असेल त्यानेंच ‘क्रिस्टल’च्या व महागड्या मातीच्या वाटेस जावें. इतरांनीं चेरी पाळावी आणि तळाशीं साधी वाळू घालावी, हें आमचें स्पष्ट मत आहे.

ही वाळू बांधकामाच्या ढिगांतून मिळते. चाळण्यांनीं चाळून १ ते ३ मिलिमीटर जाडीचे कण घ्यावे, आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे. मग मूठभर वाळू वाटींत घेऊन तीवर सिरका ओतावा. बुडबुडे आले तर शंख-शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा अंश आहे असें समजावें. आधींच जड असलेल्या पाण्यांत ती भर नको. अशी वाळू वर्ज्य करावी. काळसर वाळू मिळाल्यास उत्तम, कारण गडद तळावर लाल रंग खुलतो, पांढऱ्यावर फिका पडतो. थर दोन इंचांचा पुरे. बारीक वाळूचा थर फार जाड झाल्यास खालीं प्राणवायु पोंचत नाहीं व दुर्गंधी विषारी वायु सांचतो. ४५ सेंटिमीटर लांब व ३० रुंद पेटीस सुमारें पावणेसात लिटर, म्हणजे दहा-अकरा किलो वाळू लागेल.

वाळूंत खाद्य नाहीं, हें खरें. जावा मॉस, अनुबियास यांसारख्या दगडास किंवा लांकडास धरून वाढणाऱ्या वनस्पतींचें त्यावांचून अडत नाहीं. मुळांनीं जेवणाऱ्या वनस्पतींसाठीं मात्र आपली काळी माती कामीं येते. जेथें फवारा वा खत कधीं पडलें नाहीं अशा जागेची माती चाळून, सुपारीएवढ्या गोळ्या वळून कडक वाळवाव्या, आणि मुळांशीं खोल दडपाव्या. ही चिकणमाती पोषक द्रव्यें धरून ठेवण्यांत पटाईत आहे.

पेटी मांडल्यावर जंतूंची वस्ती जमण्यास निदान महिनाभर द्यावा. तोंवर कोळंबी आणूं नये. आमच्या घरोघरीं पिण्याचें पाणी तांब्याच्या हंड्यांत भरण्याची चाल आहे. तें पाणी पेटींत चुकूनहि घालूं नये. तांब्याचा अंश कोळंबीस विषासमान आहे. वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हां पेटींतील पाणी ३० अंशांखालीं राखण्याची खटपट करावी. पाणी उडतें पण क्षार मागें राहतात, म्हणून उडालेल्याची भर विहिरीच्या पाण्यानें न करितां, अंगणांत उघड्या टोपांत धरून झांकून ठेवलेल्या पावसाच्या पाण्यानें करावी. पेटींतून काढलेलें पाणी तुळशीस घालावें. त्यांतील नायट्रेट तिला खतच होय.

एवढें पाळल्यास कांहीं महिन्यांत मॉसच्या जाळ्यांत मुंगीहूनहि लहान पिलें हिंडतांना दिसूं लागतील. चेरीचीं पिलें आईबापांसारखींच घडलेलीं जन्मतात व पहिल्या दिवसापासून जमीन चाचपतात. तीं टिकलीं, म्हणजे जमीन साधली असें समजावें.