समुद्रातले पायाळू

कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूतून स्वतःला फरफटत वर येते, खड्डा करून अंडी घालते आणि तशीच फरफटत परत जाते. कासवे समुद्रात राहायला लागून दहा कोटींहून अधिक वर्षे झाली, तरी ही सक्ती सुटलेली नाही. कारण साधे आहे. कवचाच्या अंड्यातला जीव कवचाच्या छिद्रांतून हवा घेतो. अंडे पाण्यात बुडाले की तो गुदमरतो. मग ज्यांचे हातपाय पार वल्ह्यांसारखे झाले होते, शेपटीला माशासारखा पर फुटला होता आणि ज्यांना किनाऱ्यावर चढणेच शक्य नव्हते, त्या इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपांनी काय केले? त्यांनी अंडी घालणे सोडून थेट पिल्ले दिली. ‘समुद्रात गेले म्हणून पिल्ले देऊ लागले’ असे याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. माझ्या मते ही गाडी घोड्याच्या पुढे जोडलेली आहे.

पिल्ले देत होते, याबद्दल आता वाद नाही. पण एकेकाळी तो बराच रंगला होता. १८४६ साली जोसेफ चॅनिंग पीअर्स या इंग्रज संग्राहकाने एका इक्थिओसॉरच्या कमरेच्या पोकळीत इवलासा सांगाडा दाखवला, तेव्हापासून शंका घेतली गेली की ही पिल्ले पोटातली कशावरून, गिळलेली कशावरून नाहीत? जर्मनीत होल्झमाडेनच्या काळ्या शेलमध्ये, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, स्टेनोप्टेरिजियस या इक्थिओसॉरच्या पिल्लांसकट इतक्या माद्या सापडल्या की शंकेचा जोर ओसरला. जठरात माखलीसारख्या प्राण्यांच्या बाहूंवरचे आकडे मिळतात; पिल्लांची नाजूक हाडे मात्र जठराबाहेर आणि आम्लाचा मागमूस नसलेली. एक पिल्लू तर शेपटी बाहेर, डोके आत, असे दगडात थिजले आहे. माणसात असे जन्मणाऱ्याला आपण पायाळू म्हणतो आणि त्याच्यावर वीज पडते असे मानून त्याला पावसात जपतो. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात बहुधा पायाळूच जन्मतात. डोके आधी बाहेर आले आणि प्रसूती लांबली, तर फुप्फुसाने श्वास घेणारे पिल्लू बुडेल, असा त्यामागचा नेहमीचा तर्क.

२०१४ साली जीवाश्मतज्ज्ञ र्‍योसुके मोतानी आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी या तर्काला धरूनच एक जीवाश्म पुढे आणला. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या चाओहूचा दगड प्रयोगशाळेत आणला होता तो एका शिकारी माशासाठी. तो साफ करताना शेजारी निघाली चाओहूसॉरसची मादी. वय २४.८ कोटी वर्षे, म्हणजे अगदी आरंभीच्या इक्थिओसॉरपैकी. एक पिल्लू आईच्या बाहेर, एक आत, आणि मधले अर्धवट बाहेर, डोके पुढे करून. जमिनीवरच्या प्रसूतीची ही जुनी सवय असणार, असा निष्कर्ष निघाला आणि बातम्यांत लगेच ‘पुरावा’ हा शब्द आला. तो शब्द जरा घाईचा होता. पूर्ण सागरी झालेल्या नंतरच्या काही इक्थिओसॉरमध्येही डोके पुढे असलेली पिल्ले आढळतात. शिवाय पिल्लाला आईकडून प्राणवायू मिळत असेल, तर डोके आधी बाहेर येण्याने ते बुडावे कशाला? २०२३ साली फेइको मिडेमा आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला आणि मला तो पटतो.

पण त्याने साक्षीदार एकच गळतो, खटला उभाच राहतो. पाण्यात अंडी घालायला लागून मग हळूहळू पिल्लांकडे वळायची सोयच नव्हती. बुडालेल्या अंड्यांची पहिली पिढीच शेवटची ठरली असती. उलट जमिनीवर ही वाट केव्हाच मळलेली आहे. आपली घोणस आणि फुरसे कोरड्या माळावर राहून पिल्लेच देतात. खऱ्या समुद्रसापांचे पूर्वजही ऑस्ट्रेलियातले पिल्ले देणारे जमिनीवरचे साप, म्हणूनच त्यांना किनाऱ्याशी कायमची फारकत घेता आली. समुद्री मण्यार अंडी घालते, तिला आजही अंड्यांसाठी जमिनीवर यावे लागते.

अंटार्क्टिकातल्या सेमूर बेटावरचे अंडे इथे आडवे येते, हे खरे. २०२० साली वर्णन झालेले हे मऊ कवचाचे अंडे २९ सेंटीमीटर लांब आहे आणि ते मोसासॉरसारख्या महाकाय सागरी सरीसृपाचे असावे, असे संशोधक सुचवतात. मात्र आत पिल्लाचे एकही हाड नाही. समजा ते मोसासॉरचेच असले, तरी पातळ आवरणातले पिल्लू घातल्या घातल्या बाहेर येत असेल, तर ते पिल्ले देण्याच्या उंबरठ्यावरच आहे. पाण्यात अंडे उबवण्याशी त्याचा संबंध नाही. आणि कासवे? जमिनीवरच्या, गोड्या पाण्यातल्या वा समुद्रातल्या, त्यांच्या आजच्या एकाही जातीची मादी पिल्ले देत नाही. पेंग्विनही अंडी घालायला बर्फावर नाहीतर जमिनीवर येतात, कारण पक्ष्यांतही तसे कुणी नाही.