पाना फिरायला जागा

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो तो कवटीचा तळ. त्यात खळगे आहेत, कंगोरे आहेत, नसा आणि धमन्यांची छिद्रे आहेत. तळाच्या मध्यभागी खोगिरासारख्या खळग्यात पीयूषिका ग्रंथी बसलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांनी मेंदूला रक्त पोचवणाऱ्या कॅरोटिड धमन्या जातात. इथली गाठ काढायला शल्यविशारद कधी कानशिलाकडचे हाड उघडतात, कधी नाकातून दुर्बीण घालतात. कोणत्या वाटेने किती भाग उघडा पडतो, एवढे मोजून पुरत नाही. तिथे हत्यार किती फिरते, हे वेगळे मोजावे लागते.

हा फरक यंत्रकामातही रोजचा आहे. इंजिनाच्या कोपऱ्यातला नट डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पाना त्यावर बसतोही. पण पान्याची मूठ शेजारच्या नळीला अडते आणि नट सुटत नाही. अडचण टोकाशी नसते, मुठीशी असते. कवटीच्या तळाशी नेमके हेच घडते, फक्त शेजारी नळीऐवजी धमनी किंवा दृष्टीची नस असते.

म्हणून मोजणीही मुठीकडूनच होते. 2000 साली अमेरिकेत ओरेगनमधील शल्यविशारदांच्या गटाने रूढ केलेली कल्पना अशी: हत्याराचे टोक लक्ष्यावर रोवून ठेवायचे आणि मागचे टोक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अडेपर्यंत न्यायचे. त्या अडलेल्या जागांमध्ये बंदिस्त होणारे क्षेत्रफळ म्हणजे शस्त्रक्रियेतील मोकळीक. एकाच पातळीत दोन टोकांपर्यंतचा कोन घेतला, तर तो प्रवेशकोन. प्रयोगासाठी दान केलेल्या देहाचे शिर तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्के आवळतात. त्याच्या धमन्यांत लाल आणि शिरांत निळे सिलिकोन आधीच भरलेले असते. इन्फ्रारेड कॅमेरे हत्यारावरच्या परावर्तक गोळ्यांचा माग ठेवतात आणि प्रत्येक अडलेल्या जागेचे तीन निर्देशांक नोंदवले जातात.

त्यापुढचे गणित साधे वाटते, आणि सगळा घोळ तिथेच आहे. चार जागांचा चौकोन कर्णाने दोन त्रिकोणांत कापायचा, प्रत्येकाचे क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने, म्हणजे तीन बाजूंच्या लांबीवरून काढायचे आणि बेरीज करायची. पण प्रत्यक्षात ते चार बिंदू एका पातळीत क्वचितच असतात. एक कर्ण घेतला तर एक उत्तर येते, दुसरा घेतला तर दुसरे. चौकोन आत दबलेला असेल, तर एक कर्णच आकृतीबाहेर जातो. केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, कर्ण किंवा लंब सांगावाच लागतो, हे भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त बजावले होते. आठ शतकांहून अधिक जुना हा इशारा शस्त्रक्रियेच्या प्रयोगशाळेतही तितकाच लागू पडावा, ही गोष्ट मन वेधून घेते.

दुसरी चूक लांबीची. हत्यार दुप्पट लांब घेतले की तेवढ्याच कोनात क्षेत्रफळ चौपट भरते. मोकळीक मात्र तसूभरही वाढलेली नसते. या दोन्ही उणिवा दाखवून अमेरिकेत फीनिक्स येथील बॅरो संस्थेतील हूलिहान आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये क्षेत्रफळाऐवजी घनफळ सुचवले. लक्ष्य हा शेंडा धरून उभ्या राहणाऱ्या शंकूसारख्या आकाराचे घनफळ एकाच ठरीव उंचीवर आणून मोजायचे. त्यामुळे नाकाची वाट आणि कानशिलाची वाट एका मापाने तोलता येते. ही सुधारणा खरोखरच मोलाची आहे.

तरी अडचणी उरतात, आणि त्या गणिताने सुटणाऱ्या नाहीत. मोजणीत हत्यार एकच असते. नाकातून होणाऱ्या शस्त्रक्रियेत दुर्बीण, शोषनळी आणि कापणारे हत्यार दोन नाकपुड्यांत दाटीवाटीने असतात. म्हणून नाकाच्या पडद्याचा मागचा भाग काढून दोन्हीकडून शिरतात आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद व मेंदूचे शल्यविशारद अशा चार हातांनी काम चालते. या हातांची एकमेकांना होणारी अडवणूक एका शंकूत मावत नाही. वाकड्या टोकाच्या हत्याराला हा सरळ शंकू अपुराच पडतो.

‘अडले’ म्हणजे किती दाबल्यावर अडले, हेही मोजणाऱ्याच्या हातावर ठरते. हाड नमत नाही; पण मेंदूचा कडेचा भाग नमतो, आणि जिवंत माणसात त्या नमण्याची किंमत मोठी असते. रसायनात टिकवलेला मेंदू घट्ट होतो, त्यामुळे तिथली मोकळीक जिवंत माणसापेक्षा वेगळी भरते. तिथे रक्तस्राव नसतो आणि गाठही नसते. मोठी गाठ तर काढता काढता स्वतःच वाट रुंद करत जाते.

शिवाय असे प्रयोग देहदानावर अवलंबून आहेत. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी देह मिळतात ते 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याखाली, आणि त्यांवर पहिला हक्क एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या शवविच्छेदनाचा असतो. आणि दान केलेल्या शिरात प्रत्यक्ष रोग नसतो. 2021 मध्ये कोविडच्या साथीत म्युकरमायकोसिसची बुरशी रुग्णांच्या नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकू लागली. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वाधिक रुग्ण असलेली राज्ये होती, आणि याच अरुंद वाटेने शल्यविशारदांना तातडीने आत जावे लागले. त्या रोगात हाडच कुजलेले असू शकते. निरोगी शिरावर काढलेले कोन तिथे जसेच्या तसे वापरता येत नाहीत.