मोबाइल दूरध्वनी ग्राही : बदलत्या रेडिओ मार्गातील ग्रहण

मोबाइल दूरध्वनीच्या मनोऱ्याकडून आलेल्या रेडिओ तरंगांतून मूळ संदेश वेगळा काढणाऱ्या, दूरध्वनी संचातील विभागास ग्राही म्हणतात. संच वाहनातून जात असल्यास मनोरा व ग्राही यांमधील रेडिओ मार्गाचे गुणधर्म काही मिलिसेकंदांतच बदलतात व ग्रहणात चुका होतात. त्या टाळणे हा ग्राहीच्या अभिकल्पातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

बहुपथ प्रसारण : ठाणे शहरातील घोडबंदर मार्गावरील मानपाडा हा भाग याचे बोलके उदाहरण होय. येऊरच्या टेकड्या, उंच इमारती व मेट्रोचा उन्नत मार्ग यांवरून परावर्तन व विवर्तन होऊन एकच तरंग अनेक वाटांनी ग्राहीपर्यंत पोहोचतो. टेकडीवरून आलेल्या तरंगाची वाट ९०० मी. अधिक लांब असल्यास तो ३ मायक्रोसेकंद उशिरा येतो. तरंगांच्या कला जुळल्यास संदेश प्रबळ होतो, विरुद्ध असल्यास क्षीण होतो. १,८०० मेगॅहर्ट्झ कंप्रतेस तरंगलांबी सु. १६·७ सेंमी. असते. परस्परविरुद्ध दिशांनी येणाऱ्या दोन तरंगांच्या व्यतिकरणात लगतची क्षीण स्थाने तिच्या निम्म्या, म्हणजे सु. ८·३ सेंमी. अंतरावर असतात. ताशी ७२ किमी. वेगाचे वाहन हे अंतर सु. ४ मिलिसेकंदांत ओलांडते. या वेगास डॉप्लर परिणामामुळे कंप्रतेत होणारा महत्तम बदल १२० हर्ट्‌झ असतो; ३,५०० मेगॅहर्ट्झ कंप्रतेस तो सु. २३३ हर्ट्‌झ होतो.

सुधारणेच्या पद्धती : मनोरा संदेशाबरोबर ग्राहीस आधीच ठाऊक असलेले संदर्भ संदेश पाठवितो. त्यांत पडलेल्या फरकावरून ग्राही मार्गाचा अंदाज बांधतो व मूळ संदेश दुरुस्त करून घेतो. जीएसएम पद्धतीत सु. ०·५७७ मिलिसेकंदाच्या प्रत्येक स्पंदसमूहाच्या मध्यभागी २६ अंकांचा असा क्रम असतो. चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत संदर्भ संदेश दर अर्ध्या मिलिसेकंदात दोनदा येतात. तसेच प्रत्येक चिन्हाच्या आरंभी सु. ४·७ मायक्रोसेकंदांचा राखीव काळ असल्याने वर उल्लेखिलेला टेकडीवरील उशिराचा तरंग पुढील चिन्हात मिसळत नाही.

खरी अडचण अंदाजाच्या अचूकतेची आहे. अनेक संदर्भ संदेशांची सरासरी घेतल्यास विद्युत् गोंगाटाचा प्रभाव घटतो. परंतु तेवढ्या वेळात मार्गच बदलल्यास ही सरासरी कालबाह्य ठरते. म्हणून चांगला ग्राही डॉप्लर बदलावरून वेगाचा अंदाज घेऊन सरासरीचा कालावधी ठरवितो : मंद गतीस दीर्घ, शीघ्र गतीस अल्प. आर्. ई. कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली गणिती छाननपद्धती अशा अंदाजासाठी उपयोगी पडते.

याशिवाय दोन आकाशक (अँटेना) वापरल्यास दोन्हींवर संदेश एकाच वेळी क्षीण होण्याचा संभव कमी होतो. प्रत्येकावरील संभव १/१० व परस्परांपासून स्वतंत्र असल्यास दोन्हींवर मिळून तो १/१०० राहतो. दोषनिवारक अंक मिसळून संदेशाचे तुकडे निरनिराळ्या क्षणी पाठविल्यास क्षणिक हानी भरून काढता येते. मात्र त्यामुळे विलंब वाढतो व संभाषणात तो मर्यादेपलीकडे चालत नाही.

धावत्या रुग्णवाहिकेतून रुग्णालयाशी चाललेले संभाषण किंवा वाहनातून ११२ या क्रमांकावर केलेली मदतीची मागणी अखंड राहणे या उपायांवर अवलंबून असते. ठाण्यावरून जाणाऱ्या नियोजित मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या ताशी ३२० किमी. वेगास ३,५०० मेगॅहर्ट्झला हा बदल सु. १,००० हर्ट्‌झपर्यंत जाईल. त्यामुळे मार्गाचा अंदाज याहून शीघ्र घेणाऱ्या ग्राहींची गरज वाढत जाणार आहे.