इंजिन धांवतें, होडी हालत नाहीं

ज्यांचें मूळ घर कोकणांत आहे, त्यांचें सुट्टींत एकदां तरी खाडीवर जाणें होतेंच. आणि मागल्या फळीस इंजिन अडकविलेली मोटारहोडी तेथें आतां नवलाची राहिलेली नाहीं. आमच्या एका स्नेह्यांनीं अशी होडी घेतली. सोळा फूट लांब, साठ अश्वशक्तीचें इंजिन. दाभोळच्या खाडींत आम्ही पांच जण तिच्यांतून फिरावयास गेलों. बरोबर आमच्या वृद्ध मावशी होत्या व स्नेह्यांचा नऊ वर्षांचा मुलगा होता. परततांना ओहोटी लागलेली होती. एकाएकीं इंजिनाचा आवाज चढला आणि होडी थबकली. थबकली म्हणावें तर तेंही नव्हे. ओहोटीबरोबर ती खाडीच्या मुखाकडे, म्हणजे समुद्राकडे, मागें सरूं लागली.

अशा वेळीं नवशिका मनुष्य जें करतो तेंच आमच्या स्नेह्यांनीं केलें; पेट्रोल आणखी सोडलें. बरोबरच्या तांडेलानें त्यांचा हात धरला, आधीं नांगर टाकला, आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन फिरतंय, पण पंखा फिरत नाय." मावशींनीं रामनाम सुरू केलें होतें. नांगर धरल्यावर आम्हांसही विचार करण्यास सवड मिळाली.

या पंख्याचें काम स्क्रूसारखें आहे. सुताराचा स्क्रू एका फेऱ्यांत एक आटा लाकडांत शिरतो. तसा पंखा एका फेऱ्यांत पाण्यांतून जितका पुढें जावयास हवा, त्या अंतरास पिच म्हणतात. पण पाणी कांहीं लाकूड नव्हे. तें थोडें मागें सरकतें, म्हणूनच होडीला पुढें रेटा मिळतो. हिशोबाचें अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांतील हा फरक म्हणजे घसर. आमच्या होडीचा पंखा १५ इंच पिचचा. इंजिनाचे मिनिटास ५२०० फेरे व गिअर निमपट करणारा, तेव्हां पंख्याचे २६००. हिशोबानें वेग ताशीं सुमारें ५९ किलोमीटर यावयास हवा. भ्रमणध्वनींतील उपग्रहाच्या मोजणीनें तो आदल्या दिवशीं ५० भरला होता. म्हणजे घसर शेंकडा १५. वेगानें पाण्यावर चढून धांवणाऱ्या होडीला शेंकडा १० ते २० घसर असणें निरोगी प्रकृतीचें लक्षण आहे. घसर अजिबात नाहीं, किंवा उणें येते, असें उत्तर निघालें तर आनंद मानूं नये. बहुधा फेरे दाखविणारा कांटा खोटा असतो, किंवा मोजणी प्रवाहाच्या दिशेनें झालेली असते. याकरितां एकदां प्रवाहाबरोबर व एकदां उलट जाऊन सरासरी काढावी.

घसर वाढली कीं लोक प्रथम इंजिनाच्या कलाकडे, म्हणजे ट्रिमकडे, बोट दाखवितात. आणि पुष्कळ वेळां तें खरेंही असतें. निघतांना पंखा होडीच्या फळीकडे ओढून घ्यावा, म्हणजे नाळ खालीं राहून होडी लवकर पाण्यावर चढते. चढल्यावर कल हळूहळू बाहेर द्यावा; नाळ उचलते, तळ कमी भिजतो, वेग वाढतो. हांव धरून तो फार बाहेर दिला तर होडी डॉल्फिनासारखी उड्या मारूं लागते, आणि वळतांना पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो. तेव्हांही इंजिन किंचाळतें व वेग पडतो. परंतु कल आंत घेऊन पेट्रोल कमी केलें कीं पंख्यास पुन्हा पाणी सांपडतें. इंजिन फळीवर फार उंच बसविलें असेल तर हाच विकार वारंवार होतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या साधारण समपातळींत असावी. सुकाण एका बाजूस ओढत असेल तर त्या पट्टीखालचें लहान पातें पहावें. होडी ज्या बाजूस ओढते, त्याच बाजूस त्याची मागची कड थोडी फिरवावी.

पाण्याचा दाब पात्यावर फार उतरला तर तेथें पाणी उकळल्याप्रमाणें बुडबुडे होतात. ती निराळी व्याधि. चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' नौका १८९४ सालीं पाण्यांत उतरली, तेव्हां तिला हिनेंच ग्रासलें होतें. त्यानें पाण्याच्या टांकींत प्रयोग करून पंखे बदलले, आणि १८९७ सालीं ती इंग्लंडच्या आरमारी पाहणींत इतर सर्व नौकांना मागें टाकून गेली.

आमच्या खाडींत मात्र कल आंत घेऊनही कांहीं फरक पडला नव्हता, व होडी सरळ रेषेंत असतांनाच आवाज चढला होता. तांडेलानें इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशांत घातली (हें प्रथम, पंख्यास हात नंतर), मग इंजिन उचललें. जाळ्याचा दोर नाहीं, प्लास्टिकची पिशवी नाहीं, पातीं शाबूत. त्यानें चाकूनें आंसाच्या टोंकावर व पंख्याच्या बाहेरच्या नळीवर एका रेषेंत ओरखडा ओढला. इंजिन खालीं सोडून क्षणभर जोर दिला व पुन्हा उचललें, तों दोन ओरखडे एकमेकांपासून चार बोटें दूर! आंस व पंखा यांच्यामध्यें रबराची कडी असते. पंखा खडकास आपटला तर गिअर वांचावा म्हणून ती घसरते. आमची कडी जुनी होऊन उगीचच घसरत होती.

याला पाण्यावर औषध नाहीं. पण तोड आहे. जोर थोडा दिला तर तेंच रबर पंख्यास धरून ठेवतें. ओहोटी मंदावेपर्यंत आम्ही नांगरावरच बसलों, मावशींनीं डब्यांतील दडपे पोहे सर्वांस वाटले, आणि मग हजार-बाराशें फेऱ्यांवर, तीरातीरानें, एका तासाची वाट आम्हीं पावणेतीन तासांत काटली. मुलगा वाटभर कांट्याकडे पाहून फेरे मोठ्यानें वाचीत होता. पंधराशेंच्या वर गेले कीं ओरडावयाचें, हें काम तांडेलानें त्याला दिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं नवी कडी बसविली. होडी ओढून तळ पाहिला, तर शिंपलीं व शेवाळ यांचा हातभर पट्टा. आदल्या मोसमांतील वेग कां उतरला होता, तेंही कळलें. आतां होडींतील पेटींत एक जास्तीचा पंखा, त्याचा पाना व कोट्या असतात, आणि पंख्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ आहे. निघण्यापूर्वीं ती जुळते कीं नाहीं, हें मावशी स्वतः विचारतात.