बाहुलीच्या पोटात बाहुली, आणि पावसाळ्यातले दार

एका शिक्षक-शिबिरात मी विचारले, "मालवणात पावसाळ्यात दारे घट्ट का बसतात?" झटकन उत्तर आले, "प्रसरणामुळे." पण उष्णतेने प्रसरण होत असेल, तर दार मे महिन्यात अडकायला हवे, अडकते मात्र जुलैत! पुस्तकातले वाक्य आणि घरातले दार यांची गाठ आपण वर्गात घालून देत नाही.

लाकूड फुगते ते मुख्यतः ओलाव्याने. हवेतली वाफ पेशींच्या भिंतींत शिरते आणि भिंती जाड होतात. हे फुगणे सगळीकडे सारखे नसते. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. गाभ्यापासून सालीकडे त्याहून पुष्कळ, आणि वाढवलयांच्या कडेकडेने त्याच्याही साधारण दुप्पट. दाराच्या फळ्या उभ्या असतात, म्हणून दार रुंदीत फुगते. चौकटीची आडवी पट्टी लांबीत वाढत नाही. मग दार अडकणारच.

आता रशियन बाहुली घ्या. कमरेशी फिरवून उघडली, की आत दुसरी, तिच्यात तिसरी. 1890 च्या दशकात मॉस्कोत वासिली झ्व्योझ्दोच्किन या कारागिराने ती कातली आणि सेर्गेई माल्युतिन या चित्रकाराने रंगवली, असे मानतात. तिला बहुधा लिंडेनचे मऊ लाकूड लागते. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी फळांसाठी हलका, मऊ पांगारा वापरत आले आहेत.

या बाहुलीचे दोन्ही भाग लाकडाचेच. दोन्ही सारखेच फुगतील, मग अडकेल कशाला? इथेच खरी गंमत आहे. समजा, कातलेले तोंड 60 मिलिमीटर व्यासाचे आहे. ओलाव्याने ते एका दिशेने 1 टक्का आणि दुसऱ्या दिशेने अर्धा टक्का वाढले, तर व्यास 60.6 आणि 60.3 होतील. वर्तुळ किंचित लंबवर्तुळ झाले! दोन्ही भागांचे लांब व्यास एकमेकांवर असतील तर झाकण बसते. फिरवून आडवे केले, की अडकते.

म्हणून कारागीर लाकूड आधी चांगले सुकवतो आणि संच शक्यतो एकाच ओंडक्यातून कातो. सर्वांत लहान, न उघडणारी बाहुली आधी करतात, कारण तिच्या मापाने पुढचीची पोकळी ठरते. लाखेचा किंवा रंगाचा थर ओलावा रोखत नाही, फक्त त्याची गती कमी करतो.

वर्गात एवढे करून पाहा. सुताराकडून कोरड्या फळीचा चौकोनी तुकडा आणा. रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवे, दोन्हीकडून बारीक मोजा. दोन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. मग विद्यार्थ्यांना सरपणाच्या ओंडक्याचे टोक दाखवा: सुकताना चिरा गाभ्यापासून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारख्याच का पडतात? वलयांच्या कडेने आकुंचन जास्त होते, हे ज्याने मोजले आहे, त्याला उत्तर सांगावे लागणार नाही.

कातकाम करणाऱ्याला हे कोणी टक्क्यांत शिकवलेले नसते. त्याच्या बोटांना ते ठाऊक असते. जवळ असा कारागीर असेल, तर एक तास त्याच्याकडे मुलांना घेऊन जा. प्रश्न मात्र मुलांनाच विचारू द्या.