पंचवीस गुणांची कसोटी

महाविद्यालयीन अमेरिकी फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाखालोखाल टीकेचा धनी होतो तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, अर्थात आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू आपल्याकडे असताना तो धावत न्यायचा की फेकायचा, हे बहुधा तोच ठरवतो. चाल साधली की श्रेय खेळाडूंना, फसली की दोष त्याला! अशा माणसाची पारख करायची कशी? आयोवा विद्यापीठाने २०२३ मध्ये त्याचे उत्तर थेट करारातच लिहिले.

तेथील मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांचे पुत्र ब्रायन २०१७ पासून हे पद सांभाळत होते. २०२२ मध्ये मैदानावर अंतर कापण्यात आयोवाचा क्रमांक १३१ संघांत १३० वा लागला. त्यानंतर ब्रायन यांचे वेतन ५० हजार डॉलरने घटवून ८.५ लाखांवर आणण्यात आले आणि पुढील हंगामात किमान ७ विजय व सामन्यागणिक सरासरी २५ गुण, अशी अट घालण्यात आली.

ब्रायन यांच्या जमेच्या बाजूही होत्या. त्यांच्या आक्रमणाने २०१७ मध्ये बलाढ्य ओहायो स्टेटला ५५-२४ असे नमवले होते. टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट हे त्यांचे दोन्ही टाइट एंड २०१९ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत गेले. उणीव होती ती क्वार्टरबॅक घडवण्यात. फेकीचा खेळ दुबळा राहिल्याने प्रतिस्पर्ध्यांना धाव रोखण्यावर सारे बळ एकवटता येई.

मात्र अटीचा मापदंडही सदोष होता. बचावफळीने मिळवलेले गुणही या सरासरीत धरले जाणार होते. २०२२ च्या सलामीला आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असे हरवले, त्या ७ पैकी ४ गुण बचावफळीचे होते! शिवाय धोका टाळून बचावाच्या बळावर जिंकणे हे धोरण वडिलांचे. त्यातच २०२३ च्या पाचव्या सामन्यात क्वार्टरबॅक केड मॅकनमारा जायबंदी झाला.

हंगाम संपण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रायन यांच्या गच्छंतीची घोषणा झाली. संघाने १० सामने जिंकले, पण सरासरी राहिली अवघी १५.४. अखेरच्या दोन सामन्यांत तर मिशिगन व टेनेसीविरुद्ध एकही गुण मिळाला नाही.

२०२४ मध्ये टिम लेस्टर आले. मुख्य प्रशिक्षक तेच असूनही सरासरीने पंचविशी ओलांडली. म्हणजे सारा दोष वडिलांच्या धोरणाचा नव्हता. मात्र फेकीचा खेळ तेव्हाही दुबळाच राहिला. संघाला तारले ते केलेब जॉन्सनच्या धावांनी. म्हणजे सारा दोष मुलाचाही नव्हता. आक्रमण आजारी आहे, एवढे २५ चा आकडा सांगू शकत होता. दुखणे नेमके कुठे आहे, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.